सुझौमध्ये पाठीवर पेले लावून घेतले तेव्हा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझी मान उजवीकडे वळेनाशी झाली. सकाळी उशीवरून डोकं उचलताना मानेपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत अशी कळ गेली की पुन्हा तशीच पडून राहिले. रात्रीतून मान धरली असेल, दोन दिवसांत सुटेल, असं म्हणून बाम चोळला, गरम पाण्याच्या पिशवीने शेक घेतला. दोन दिवसांचे आठ दिवस झाले. रस्ता ओलांडताना उजवीकडची गाडी बघायला सगळं अंग वळवावं लागायचं.

मी मूळची कराडची. शांघायजवळच्या सुझौ शहरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. दिवसातले सहा-सात तास मायक्रोस्कोपवर वाकून जातात. त्यात इथला हिवाळा. उत्तर चीनमध्ये घरोघरी मध्यवर्ती हीटिंग असतं, हुआय नदीच्या दक्षिणेला ते नसतं. सुझौ दक्षिणेला येतं. पारा शून्याच्या आसपास, हवेत सततची ओल, भिंती गार, अंथरूण गार. कराडला थंडी पडते ती कोरडी, उन्हात बसलं की जाते. इथली हाडात शिरते आणि मार्च संपेपर्यंत तिथेच राहते.

खालच्या मजल्यावर एक आयी राहतात. चिनीत आईच्या वयाच्या बाईला ‘आ-यी’ म्हणतात, म्हणजे मावशी. पहिल्या वर्षी जिन्यात शेजारची मुलं त्यांना हाक मारायची तेव्हा दर वेळी माझ्या पोटात हलायचं. आता मीही तशीच हाक मारते. मला वाकड्या मानेने जिना उतरताना बघून त्या म्हणाल्या, “गारठा शिरलाय. बाग्वान करून घे.” ‘बा’ म्हणजे ओढून काढणं आणि ‘ग्वान’ म्हणजे बरणी, भांडं. पाठीवर पेले लावायचे, ते कातडी ओढून धरतात.

आयींचं ऐकलं, पण अर्धवट ऐकलं. त्यांनी रुग्णालयात जा म्हटलं होतं. मी कारखान्याच्या फाटकासमोरच्या मालिशच्या दुकानात गेले, कारण ते रात्री दहापर्यंत उघडं असतं. तिथल्या मुलाने काही न विचारता मला पालथं झोपवलं, भराभर पेले चिकटवले आणि तो पडद्याबाहेर निघून गेला. पहिली काही मिनिटं बरं वाटलं. मग ओढ वाढत गेली. डाव्या फऱ्याखाली चटका बसल्यासारखं होऊ लागलं. मी हाका मारत होते, बाहेर टीव्ही चालू होता. तो परत आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. घरी येऊन आरशात पाठमोरं बघितलं, तर दोन ठिकाणी रुपयाएवढे फोड आले होते आणि त्यांत पिवळसर पाणी भरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन दाखवलं तर म्हणाले, अंगातली ओल बाहेर पडली, चांगलंच झालं.

ते ‘चांगलंच झालं’ मला फार लागलं. माझी पाठ होती ती. एका माणसाने तिच्यावर विस्तव फिरवला आणि पाठ फिरवून गेला, यापलीकडे त्यात काहीच चांगलं नव्हतं.

आयींनी फोड बघितले, ओठ आवळले, काही बोलल्या नाहीत. माझा फोन हातात घेऊन त्यांनी शहरातल्या पारंपरिक वैद्यकाच्या सरकारी रुग्णालयात शनिवारची वेळ घेतली आणि स्वतः बरोबर आल्या.

अशी रुग्णालयं चीनमध्ये मोठ्या शहरांत सर्रास असतात. खाली नोंदणी, पासपोर्ट दाखवायचा, फोनवरून पैसे भरायचे, नंबर घ्यायचा. सुया आणि मालिशचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्टचं दार उघडताच एक वास आला, जळत्या पाल्याचा, धुरकट, थोडा कडू. ‘आय’ नावाच्या वनस्पतीची वाळलेली पानं कुटून त्यांच्या कांड्या करतात आणि त्या पेटवून दुखऱ्या जागेजवळ धरतात, त्याचा तो धूर. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली. जोतिबाच्या चैत्र यात्रेला आम्ही कराडहून जायचो, त्या दवण्याचा वास गोड. हा तसा नव्हता, तरी नाकाला नातं कळलं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या असाव्यात. केस मागे घट्ट बांधलेले, नखं अगदी कापलेली. त्यांनी माझं मनगट एका छोट्या उशीवर ठेवायला लावलं. तर्जनी, मध्यमा, अनामिका अशी तीन बोटं नाडीवर टेकवली आणि गप्प बसल्या. आधी डावा हात, मग उजवा. जीभ बघितली. मग प्रश्न. झोप कशी लागते, पाळी वेळेवर येते का, हातापायांची टोकं गार पडतात का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, जखम झाली तर रक्त थांबायला वेळ लागतो का, दिवस राहिले असण्याची शक्यता आहे का. शेवटच्या तिन्हींना मी ‘नाही’ म्हटल्यावर त्यांनी ते लिहून घेतलं. दुकानात यातलं एक अक्षर कुणी विचारलं नव्हतं.

मग पाठ उघडी करायला सांगितली. फोड बघून त्या खुर्चीवर मागे टेकल्या.

“आज पेले लावणार नाही.”

मला वाटलं माझं चिनी कमी पडतंय. आयींनी पुन्हा सांगितलं. कातडी पुरती भरून येईपर्यंत पेला नाही, कमीत कमी दहा दिवस. मी धीर करून विचारलं, दुकानात म्हणाले की ओल बाहेर आली, ते खरं का? जुन्या मतात फोडातल्या पाण्याचा संबंध ओलीशी लावतात, हे त्यांनी मान्य केलं. पण लगेच म्हणाल्या, “ओल असो वा नसो, कातडी सोलली की तिथून जंतू जाणार. पेला इतका वेळ ठेवायचाच नव्हता.” त्यांनी एक्स-रे काढायला पाठवलं. फोटोत मानेच्या मणक्यांची नैसर्गिक कमान सरळ झालेली दिसली. वाकून काम करणाऱ्या अर्ध्या शहराचं असंच दिसतं म्हणाल्या. फोड टाळून मानेला आणि दंडाला दाबून दिलं आणि घरी पाठवलं.

मला त्या दिवशी जो विश्वास बसला, तो त्यांच्या ‘नाही’मुळे बसला. औषधं आणि उपचार घेण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आहे, लहानपणी दम्याचा त्रास होता. दारात आलेल्या रोग्याला ‘आज नको’ म्हणून परत पाठवणारे डॉक्टर मी फार थोडे पाहिले.

बारा दिवसांनी पुन्हा गेले. या वेळी पडद्याआडच्या अरुंद पलंगावर पालथं झोपायला सांगितलं. चेहऱ्यासाठी पलंगाला भोक होतं, त्यातून मला फक्त फरशी आणि डॉक्टरबाईंच्या पांढऱ्या चपला दिसत होत्या. पण सुरुवात करण्याआधी त्यांनी सगळं सामान माझ्यासमोर धरलं होतं. तसं मी मुद्दाम मागितलं होतं, कारण मागच्या वेळची भीती गेली नव्हती. काचेचे पेले, पोटाशी गोल, तोंडाची कड जाड आणि गुळगुळीत वळवलेली. ती कड अंगठ्याने फिरवून बघायची, कुठे टवका उडालेला नको. शस्त्रक्रियेत वापरतात तसा लांब चिमटा, त्यात घट्ट वळलेला कापसाचा बोळा. बोळा तीव्र अल्कोहोलमध्ये बुडवून बाटलीच्या तोंडाशी दाबून निथळून घेतात. “हे निथळणं सगळ्यात महत्त्वाचं,” त्या म्हणाल्या. एक थेंब जरी पेटता खाली पडला तरी पाठ भाजते. ज्योत पेल्याच्या आत तळाशी न्यायची, एक फेरा घ्यायचा आणि बाहेर. कडेला ज्योत लागू द्यायची नाही, नाहीतर कड तापते आणि कातडीवर गोल डाग पडतो. ज्योत बाहेर आल्यावर पेला त्याच क्षणी पाठीवर. क्षणभर उशीर झाला की चिकटत नाही.

पुष्कळ लोक सांगतात की आग आतला प्राणवायू खाते म्हणून पेला ओढतो. मी इंजिनिअर आहे, म्हणून हे एवढं लिहिते: मुख्य काम उष्णतेचं आहे. आतली हवा तापून पसरते, थोडी बाहेर पडते. पेला टेकल्यावर उरलेली हवा निवते, दाब कमी होतो आणि कातडी आत ओढली जाते.

मला ज्योत दिसली नाही. कानाला बारीक ‘फुप्’ असा आवाज आला, मानेजवळ ऊब जाणवली आणि लगेच ‘टप्’. पहिला पेला मान खाली घातल्यावर जे मोठं हाड हाताला लागतं, त्याच्या खालच्या खळगीत. तिला दाज्वेई म्हणतात. मग दोन्ही खांद्यांच्या उंचवट्यांवर एकेक. त्यानंतर पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन. कण्याच्या दोन्ही बाजूंनी त्यांच्या शास्त्राप्रमाणे मूत्राशयाची वाहिनी जाते. एकूण नऊ.

मांस वर उचललं जातंय हे स्पष्ट कळतं. दुखतं म्हणता येणार नाही. कणीक तिंबताना मूठभर गोळा धरून ओढावा, तसं कुणीतरी पाठीचा गोळा धरून ठेवलाय आणि सोडत नाही, असं वाटतं. उजव्या खांद्यावरचा पेला सगळ्यात जोरात होता. तिथली नस ताणून काही तरी सैल होत होतं, की मलाच तसं वाटत होतं, हे त्या वेळी कळत नव्हतं. मी मिनिटं मोजत होते. पण त्या पांढऱ्या चपला तिथून हलल्या नाहीत. एकदा वाकून त्यांनी विचारलं, “कुठे चटका बसतोय?” मी म्हटलं, डाव्या अंगाचा वरचा. त्यांनी तो लगेच काढून पुन्हा हलका लावला. आठ मिनिटं झाल्यावर त्यांनी एकेक पेला काढला. उपटून काढायचा नसतो. एका हाताने पेला किंचित कलता धरायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाने कडेजवळची कातडी दाबायची. हवा आत शिरते, ‘फस्स’ होतं आणि पेला आपोआप हातात येतो.

“पाठीला वारा लागू देऊ नका, आज अंघोळ नाही, गार पाणी नाही, कोमट प्या,” असं सांगून त्यांनी माझी पाठ टॉवेलने झाकली. मला बाळंतिणीची खोली आठवली, दाराला लावलेला पडदा आणि वारा लागेल म्हणून डोक्याला बांधलेला कपडा.

घरी आल्यावर आरशात बघितलं. नऊ गोल. खालचे गुलाबी, मधले लाल, उजव्या खांद्यावरचा तर जांभळाच्या रंगाचा. डॉक्टरबाईंनी रंग बघून सांगितलं होतं की खांद्यावर रक्त साकळलंय, तिथे गारठा जास्त आहे. कातडीखालच्या बारीक केशवाहिन्या फुटून रक्त पसरतं आणि तो डाग दिसतो, हे आधुनिक वैद्यकाचं सांगणं. पेला किती जोराचा, किती वेळ ठेवला, यावरही रंग ठरतो. दोन्ही बोलण्यांत मला निवड करायची नव्हती. एवढं खरं की सगळ्यात काळा डाग मी बोटाने दाखवलेल्या दुखऱ्या जागीच पडला होता.

रविवारी घरी व्हिडिओ कॉल होता. टी-शर्टच्या गळ्यातून खांद्यावरचा डाग दिसला आणि आईचा आवाज चढला, काय लागलंय, कुणी मारलं का. मी समजावत होते. मागे पलंगावर आजी होती, एरवी कॉलवर तिला फारसं ऐकू येत नाही. तिने फोन मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, “तांब्या लावला व्हय गं?”

मी विसरले होते. सहा-सात वर्षांची असेन. पोटात दुखून लोळत होते, बेंबी सरकली म्हणाले. आजीने मला उताणं झोपवलं, बेंबीवर कणकेची चपटी गोळी थापली, तिच्यात तेलात भिजवलेली वात खोवून पेटवली आणि वरून तांब्याचा छोटा तांब्या पालथा घातला. तो पोटाला घट्ट बसला. मी रडायची थांबले होते, कारण तांब्या पोटाला धरून वर उचलला जात होता आणि मला त्याचं नवल वाटत होतं. आजी शेजारीच बसून होती, एक हात माझ्या कपाळावर.

आजीने आणखीही सांगितलं. तिच्या माहेरी वैदू यायचे, ते तुंबडी लावायचे. कुणाच्या गुडघ्याला, कुणाच्या पाठीला. काही जण शिंगाने ओढायचे. मी नंतर वाचलं की सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि भोपळा अशी तीन साधनं सांगितली आहेत, वात दूषित असेल तर शिंग, पित्ताला जळू, कफाला भोपळा. भोपळ्याच्या आत दिवा लावूनच तो बसवायचा. चीनमध्येही सुरुवात शिंगापासूनच झाली. छांगशा शहराजवळ मावांगत्वेई इथे 1973 मध्ये एक थडगं उकरलं, ते इ. स. पू. 168 मध्ये बंद केलेलं होतं. त्यात रेशमावर लिहिलेला, बावन्न आजारांवरच्या उपायांचा ग्रंथ मिळाला आणि त्यात मूळव्याधीवर शिंग लावण्याचा उल्लेख आहे. या उपचाराचं जुनं नावच ‘शिंगाची पद्धत’ असं होतं. पुढे बांबूचे पेले आले, मातीचे आले, मग काचेचे. कोणी कोणाकडून घेतलं या वादात मला रस नाही. दुखऱ्या जागेवर पोकळ वस्तू लावून ओढून बघावं, हे माणसांना अनेक ठिकाणी सुचलं असणार.

पेले एकूण चार वेळा लावले, दर वेळी आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने, आधीचे डाग फिकट झाल्यावरच. तिसऱ्या वेळी ‘चालता पेला’ केला. पाठीला तेल लावून चिकटलेला पेला कण्याच्या बाजूने वरखाली सरकवतात. तो मात्र दुखला, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लगेच हात थांबवला आणि मी मान हलवल्यावरच पुढे नेला. दर खेपेनंतर तीन-चार दिवस मान मोकळी वाटायची, मग थोडी आखडायची, पण आधीइतकी नाही. एप्रिलच्या शेवटी रस्ता ओलांडताना मान आपणहून उजवीकडे वळली आणि अर्धा रस्ता गेल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

हे सगळं पेल्यांनी केलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की मायक्रोस्कोप वर उचला. मी स्टँडखाली लाकडी ठोकळे घातले, दर चाळीस मिनिटांनी उठून भिंतीला पाठ लावून उभी राहू लागले, उशी बदलली. शिवाय ऊन पडायला लागलं होतं. मानदुखी आणि कंबरदुखीवर पेले लावून झालेल्या काही अभ्यासांत थोड्या काळापुरता आराम दिसलेला आहे, पण हे अभ्यास बहुतेक लहान आहेत. खोटा पेला लावून तुलना करणंही अवघड, कारण पाठ ओढली जातेय की नाही हे माणसाला लगेच कळतं. माझ्यापुरतं इतकं सांगते की त्या तीन-चार दिवसांच्या मोकळेपणामुळेच मला व्यायाम करता आला. आखडलेल्या मानेने तो होत नव्हता.

पुण्या-मुंबईतल्या मैत्रिणी आता विचारतात, आमच्याकडेही कपिंग करून देतात, जाऊ का. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवरचे डाग जगाने बघितले, तेव्हापासून जिममध्येही हे चालतं. युनानीत हिजामा आहे, त्यात कातडीला बारीक छेद देऊन रक्त काढतात, तो वेगळा आणि जास्त काळजीचा प्रकार. मी त्यांना उलट विचारते: तुझ्या गोळ्या कोणत्या चालू आहेत हे त्यांनी विचारलं का? शुगर आहे का, विचारलं? कड तपासतात का? आणि पेले लावल्यावर माणूस खोलीत थांबतो की बाहेर जातो? याची उत्तरं नीट मिळाली नाहीत तर जाऊ नकोस, कितीही नावाजलेलं ठिकाण असो.

जूनमध्ये इथे पाऊस सुरू झाला. आलुबुखारे पिकण्याच्या दिवसांतला, म्हणून त्याला आलुबुखाऱ्याचा पाऊस म्हणतात. आठवडेच्या आठवडे कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. एका संध्याकाळी आयींनी दार वाजवलं. हातात प्लॅस्टिकच्या पेल्यांची पेटी होती, वरून पंपाने हवा ओढून लावायचे असतात ते. इथे कित्येक घरांत ही पेटी असते. त्यांचे यजमान गावी गेले होते, आयींची पाठ भरून आली होती आणि आपला हात आपल्या पाठीला पोचत नाही.

मी म्हटलं, आयी, मला येत नाही.

“यात आग नाही. मी सांगते तसं कर,” असं म्हणून त्या माझ्या दिवाणावर पालथ्या झाल्या. पाठीवर तीळ होते, एक जुना व्रण होता. मी त्यांना गोळ्यांचं विचारलं, त्यांनी एकच सांगितली, रक्तदाबाची. मी कड अंगठ्याने फिरवून बघितली. पंप दोनदा दाबला, तिसऱ्यांदा नाही. कातडी पुरीसारखी हळूच फुगली. चार पेले लावले, खिडकी बंद केली, मोबाइलवर आठ मिनिटं लावून मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. बाहेर पाऊस पडत होता. पाचव्या मिनिटाला त्यांना झोप लागली.

आठ मिनिटं झाली तशी मी वरची झडप सोडली आणि कडेजवळ बोट दाबलं.